खिडकीसमोरची अठरा बाय बारा

१ मार्च, सकाळी ६.४०
नवे घर, नवी वही. निवृत्त होऊन अकरा दिवस. सामान लावून होते न होते तोच सौ. मागच्या पायरीवरून घसरली. गुडघ्याची वाटी फुटली. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, १२ एप्रिलपर्यंत पाय हलवायचा नाही. पलंग खिडकीशी लावून दिला. खिडकीतून काय दिसते? अठरा फूट बाय बारा फूट माती, एक फुटकी बादली आणि कुंपणाची उंच भिंत.
निर्धार: प्लास्टर निघेल त्या दिवशी तिला या खिडकीतून हिरवेगार दिसले पाहिजे. तसा शब्द दिला. ती म्हणाली, बरं. फार आनंद झाला आहे, दाखवत नाही.

२ मार्च
लोक आवडेल ते झाड लावतात आणि फसतात. झाड जागेला साजेसे हवे. ऊन, सावली, माती, पुढे होणारी उंची. पुस्तकात सगळे आहे. आणि मी चौतीस वर्षे ड्रॉइंग ऑफिसात काढली, शेवटची नऊ मुख्य म्हणून. आधी आराखडा, मग खड्डा.
संध्याकाळी सौ.ने विचारले, पत्ते खेळू या का. वेळ कुठे आहे!

४ मार्च, दुपार
आराखडा पूर्ण. देखणा. घर कागदाच्या खालच्या अंगाला, कुंपण वर, आणि उत्तर दिशा अर्थातच वर. आमच्या ऑफिसात उत्तर कायम वर असे, साहेब बदलले तरी. म्हणजे खिडकीखालचा वाफा घराच्या उत्तरेला, सावलीत. तिथे नेचे. कुंपणालगतचा वाफा उन्हात. तिथे गुलाब आणि लॅव्हेंडर.
सौ.ला दाखवला. म्हणाली, अहो, खिडकीखाली तर सकाळपासून ऊन असतं, माझ्या प्लास्टरवर येतं. औषधांची गुंगी. वाद घातला नाही.

७ मार्च
नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाईंनी विचारले, ऊन किती तास असतं? मी आराखडा पुढे केला. त्यांनी बघितलाही नाही. म्हणाल्या, काका, कागद राहू द्या. दोन दिवस खुर्ची टाकून बाहेर बसा, ऊन कुठून कुठे सरकतं ते कळेल.
बसा म्हणे! सहा आठवड्यांतला एक गेला. बारा नेचे, सात गुलाब, नऊ लॅव्हेंडर घेतली. दोनदा विचारले त्यांनी, नक्की का. नक्की नसते तर इंचाइंचाची आखणी केली असती का?

९ मार्च
लागवड झाली. कंबर गेली, पण ओळी सरळ. सौ.ने खिडकीतून तीन हाका मारल्या. चहा झालाय, आत येऊन प्या. घराचे काम बघणाऱ्या बाई कप बाहेर आणून देतात, मग आत कशाला? हात मातीचे होते.

१४ मार्च
नेच्यांची टोके करपली. नव्या जागेत बावरतात. पाणी दुप्पट.

१६ मार्च
पाणी तिप्पट.

१९ मार्च, सकाळ
गुलाबांवर पांढरी बुरशी. लॅव्हेंडर बुडाशी कुजते आहे. मातीत खोट आहे. सगळी माती बदलायला घेतली. सौ. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडे. म्हण ठीक आहे, पण अंगण तपासले होते का कोणी?
मुलीचा फोन. आईजवळ कोण बसतं दिवसभर? सांगितले, मी सतत तिच्या नजरेसमोर असतो. मुलगी गप्प झाली. समाधान झाले असावे.

२५ मार्च
बारापैकी आठ नेचे गेले. उरलेल्या चारांवर दोन काळ्या छत्र्या रोवल्या. सावलीच्या जागी छत्री कशाला, असे कोणी विचारेल. कोणी विचारले नाही. सौ. एवढेच म्हणाली की छत्र्यांमुळे तिला काहीच दिसत नाही, आभाळसुद्धा. तिला समजावले की आभाळ आराखड्यात नाही.
रात्रीचे जेवण उभ्यानेच केले. झोपही धड नाही. पडलो की वाटते, काहीतरी करायचे राहिले.

२ एप्रिल, सकाळी ११
नर्सरीवाल्या बाईंना बोलावले. झाडे कमअस्सल दिलीत असे स्पष्ट सांगायचे ठरवले होते. त्या अंगणात उभ्या राहिल्या. खिडकीखाली रणरणते ऊन. भिंतीलगत गारवा, शेवाळ. त्यांनी आराखडा मागितला, सूर्याकडे बघितले आणि कागद उलटा धरला.
मग त्या खिडकीशी गेल्या. म्हणाल्या, काकू, तुम्हाला तर इथून सगळं दिसत असेल. सौ. म्हणाली, दिसतं हो. चार मार्चलाच सांगितलं होतं.
आराखडा चुकलेला नाही. घर उलटे बांधले आहे.

३ एप्रिल
सगळे उपटून जागा बदलली. गुलाब खिडकीखाली, नेचे कुंपणाशी. ही चूक नव्हे, सुधारित आवृत्ती. भर दुपारी केले, वेळ घालवून चालणार नव्हते. सौ. म्हणाली, आता उन्हात नका हो, जरा आत या. म्हटले, नऊच दिवस उरलेत. म्हणाली, मी मोजतेच आहे.

८ एप्रिल
भर उन्हात उपटलेले झाड जगत नाही. पुस्तकात पान ११२ वर आहे. मी ९० पर्यंत वाचले होते.

११ एप्रिल
शिल्लक: गुलाब एक, तोही काडी. नेचा एक. तरी हिरवा रंग आहे. बघण्यावर असते.

१२ एप्रिल, दुपारी ४
प्लास्टर निघाले. घरी आलो. पाय काठीसारखा बारीक झाला आहे तिचा. मला माहीतच नव्हते. वॉकर धरून ती उभी राहिली. मी तिला खिडकीशी नेऊ लागलो. नेचा दाखवायचा होता, काय झाले ते समजावून सांगायचे होते. तिने वॉकर दाराकडे वळवला. एक एक पाऊल टाकत थेट अंगणात. खुर्ची मागितली. अठरा बाय बाराच्या बरोबर मध्ये ठेवायला लावली आणि गुडघा उन्हात धरून बसली.
म्हटले, काही जगलं नाही गं. ती म्हणाली, मला कुठे बाग हवी होती? मला बाहेर यायचं होतं. ते जमत नव्हतं, तर कोणीतरी आत येऊन बसावं एवढंच वाटायचं.
मी म्हणालो, तुझ्यासाठीच करत होतो ना. तुला खिडकीतून दिसावं म्हणून.
दिसलं की, ती म्हणाली. सहा आठवडे तुमची पाठ दिसली.
चिडून म्हणाली असती तर बरे झाले असते. साधेपणाने म्हणाली. मला लाज वाटली, खरोखरची. मग आतून दुसरी खुर्ची आणली आणि तिच्या शेजारी बसलो. ऊन छान होते. ती डोळे मिटून होती.
अकरा मिनिटे बसलो. मग हे लिहून ठेवायला आत आलो. ती बाहेरच आहे.