आमच्यात असं कुणी न्हाय

मुरूम, १९५८

शाळांचे इन्स्पेक्टर साहेब,

माझ्या धाकट्या लेकीसाठी, एकट्या वनमालासाठी, वेगळा मास्तर मिळत न्हाय, तिच्यासारखी आणखी लेकरं दाखव, असं तुम्ही म्हणालात. म्हणून गावोगाव हिंडलो. हाक मारली तर बघत न्हाय, दिवसभर ताटली फिरवत बसतं, असं लेकरू हाय का, म्हणून विचारलं.

माकणीत एक बाई म्हणाली, "आमच्यात असं कुणी न्हाय." आतून ताटली गरगरल्याचा आवाज येत होता. मी माझं गाव सांगून परतलो.

काल ती लेकराला घेऊन आमच्या दारात आली. मी रानात होतो. माझ्या आईनं वनमालाला आत कोंडलं अन् सांगितलं, "आमच्यात असं कुणी न्हाय." थोरल्या नातीचं लग्न जमायचंय, म्हणती. आईचं म्हणणंबी खोटं वाटंना.

पत्र धाडवंना, साहेब. लेकरं किती लिहू? दोन, का एकबी न्हाय?

तुमच्या भरवशावरचा,
बलभीम