बांधाखालची भाजी

नेरूळ,
शनिवार, ३१ मे

ती. दमयंतीकाकीस,
अमिताचा नमस्कार.

तू बरी असशील. गुडघ्याला तेल लावत नसशील, हेही मला माहीत आहे. उद्या सकाळी प्रणय खांदेश्वरहून तुझ्याकडे येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. पाकीट चिकटवलंय, कारण तुझ्या लेकाला यातलं काही ठाऊक नाही. रोज फोन करणारी बाई पत्र कशाला लिहिते, म्हणून हसशील. पण फोनवर तू आधी "जेवलीस का गो?" विचारतेस, आणि मग माझ्याच्याने पुढचं बोलवत नाही.

परवा दिलेला लाल माठ दोन दिवस पुरला. ऑफिसात डबा उघडला की सगळे विचारतात, भर मे महिन्यात एवढी कोवळी भाजी मिळते कुठे? मी नुसती हसते.

परवाचंच लिहिते. महाप्याच्या डोंगराखालचा तो मातीचा बांध, त्याच्या पायथ्याशी तुझे वाफे, आणि वाफ्यांच्या वरच्या कडेला तुझा झरा. या महिन्यात अवकाळी पाऊस झाला, बांधाआड पाणी साठलं आणि झरा एकदम वाढला. तू त्याला हळदकुंकू वाहिलंस. फावड्याने खड्डा मोठा केलास. "देव देतंय गो. मना भरून ठेवाला भांडी पुरत नाय," म्हणालीस. मी बाटलीत थोडं पाणी घेतलं, तर "तीर्थ नेतंस का?" म्हणून चिडवलंस. मग विचारलंस, "तू तर बांधाची साहेबीन. सांग, कुठून येतं गो ह्यं पानी?"

मी म्हटलं, "डोंगरातून."

"मंग यंदा शिराली लावू?"

मी म्हटलं, "लाव."

काकी, ते पाणी डोंगरातलं नाही. बांधातून येतंय. तुझी जागा बारा महिने ओली राहते ती त्यामुळेच. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच, आणि इतकी वर्षं ते पाणी नितळ होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. या वेळी मात्र घरी येऊन बाटली ठेवली तर तळाला पिवळी माती बसली. तुझी जमीन काळी आहे. पिवळी माती बांधाच्या पोटातली. पाणी आतून बांध पोखरतंय आणि ती माती बाहेर आणतंय. वर पाणी तुंबलं तर बांध फुटेल. खाली शकुबाईच्या चाळीची ओळ आहे. कंपनीच्या गेटवर तुझ्या शेजारी भाजी विकणारी, गिऱ्हाइकावरून रोज तुझ्याशी भांडणारी शकुबाई. आणि तिच्याही आधी, वाफ्यांतल्या वेलांच्या मांडवात पाय पसरून बसलेली तू.

संशय मला तिथे उभी असतानाच आला होता. तरी "लाव" म्हटलं. तू बियांची पुरचुंडी सोडून बसली होतीस, आणि मी भित्री आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी शोधून काढलं नाही. सोमवारी डंपर येतील. पायथ्यावर वाळू, वाळूवर खडी, वर दगड, म्हणजे पाणी बाहेर पडेल पण माती अडेल. तुझे सगळे वाफे त्याखाली जातील आणि परत मिळणार नाहीत. काकांची शेतं सरकारने घेतली, कसायला एवढा तुकडा राहिला, आणि आई गेल्यावर त्याच्याच भाजीवर तू प्रणयबरोबर मलाही वाढवलंस. आता तोही मी घालवतेय. पावसाआधी होण्यासारखा दुसरा उपाय शोधला, खरंच शोधला, सापडला नाही. प्रणय म्हणेल, बरं झालं, आता चल माझ्याकडे. त्याच्यावर चिडू नकोस. जे काढायचं ते माझ्यावर काढ.

उद्या दुपारी आमची माणसं चाळीत सांगायला येणार आहेत. त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. झरा आणखी उकरू नकोस. रागाने माती टाकून बुजवूही नकोस, कोंडलेलं पाणी भलतीकडून वाट काढेल. मांडवात तर अजिबात बसू नकोस. एवढं ऐकच.

इथे पत्र संपवून पाकिटात घातलं होतं. परत काढलं.

साहेबांनी बांधाच्या फोटोत हिरवं बघून विचारलं, "हे वाफे कुणाचे? कुणी हक्क सांगेल का?" मी म्हणाले, "कुणाचेच नाहीत. असंच उगवलंय."

नाव सांगितलं असतं तर कागद फिरत राहिले असते आणि तोवर पाऊस आला असता, अशी मी माझी समजूत घालते. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. सरकारी जागेत भाजी लावणारी ती बाई माझी काकी आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. लाज वाटली. तुझी नव्हे, परिस्थितीची, असं लिहायला घेतलं होतं. तुझीच वाटली, काकी. तुझ्यासाठी ऑफिसकडे जे काही मागता आलं असतं, तेही त्या एका वाक्याने मी घालवलं.

सोमवारी साहेब बांधावर असतील. तूही येशील, घरात बसून राहणारी तू नव्हेस. डंपर रिकामा व्हायच्या आधी मी सगळ्यांसमोर तुला काकी म्हणून हाक मारणार आहे, आणि वाफे कुणाचे ते सांगणार आहे. काम थांबणार नाही, ते मी थांबवूही देणार नाही. तू ओ दिली नाहीस तरी हाक मारीन.

तुझी म्हणवून घ्यायला तोंड नसलेली,
अमिता