फक्कीचा एच

मंगळवार, संध्याकाळ. इस्लापूर, पोलीस चौकी

सकाळी शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरायला मीच चुन्याच्या फक्कीनं मोठा एच आखला. गावातले मारुतीमामा पैनगंगेच्या पुरात झाडावर अडकले होते. पूर्वी पोलिसांचं हेलिकॉप्टर नांदेडला होतं, तेव्हा एका फोनवर यायचं. आता सगळ्या राज्यांची मिळून एकच हवाई सेवा केली म्हणे. तिथं फोन लावला, तर दिल्लीवाला मलाच विचारून राहिला, इस्लापूर कोणत्या राज्यात? वर म्हणाला, अर्ज पाठवा. पाठवला. मग काय, एचकडं बघत बसलो. दुपारी झाडच वाहून गेलं. भोयांनी नाव घालून मामांना काढलं तेव्हा जीव नव्हता. कोरडी जागा म्हणून त्याच एचवर निजवलं.

तेवढ्यात दिल्लीचा फोन. मंजुरी मिळाली, उतरायची जागा मोकळी आहे ना?

"न्हाई," म्हणलं. "तिथं आमचा माणूस हाय."