दारापुढचा उतार

भावजी,

मी पुनावळ्याला आत्याबाईंना आणायला जाते. ऐकलं तर हे त्यांचंच ऐकतील. तुम्ही शिफ्टवरून येईपर्यंत शेजारची झुलेखा ह्यांच्यापाशी बसेल. भाकरी शिंक्यात आहे. नुसतं ताट ठेवून जाऊ नका, समोर बसून जेवू घाला.

तुमच्यावर राग नाही. भावाला चाकाच्या पाटावरून घरभर फिरता यावं म्हणून तुम्ही उंबरा कापलात, दारापुढं मुरूम टाकून उतार केलात, भिंतींना चुना लावलात. पण ह्यांच्या टोपीची खुंटी एवढी खाली कशाला ठोकलीत? पाय बरे होतील, असं दवाखान्यापासून आपण दोघंही ह्यांना सांगत आलो. खुंटी बघितली आणि ह्यांना सगळं कळलं. टोपी मांडीवर घेऊन दिवसभर बसले.

आज सकाळी म्हणाले, "ज्योतीरामानं उतार झकास केलाय. पाट सोडला की थेट विहीर."

वस्तरा शोधू नका, मी बरोबर नेतेय. खुंटी राहू द्या आता. आधी उंबरा परत बसवा, होता त्याहून उंच.

वहिनी