बेलगाराचा रस्ता बंद होता तेव्हा

प्रिय टॅम्सिन,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता निमूट शेवटपर्यंत वाच.

तर, हॉटेल विकलं. हो, खरंच! ॲडलेडहून पेट्रा आणि लॉकलन नावाचं तरुण जोडपं बघायला आलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या लॉकलननं विचारलं, "गाव कुठंय?" मी म्हटलं, "तू बेलगाराच्या मधोमध उभा आहेस, बाबा." मग सगळं दाखवलं. आपलं हॉटेल, पेट्रोल पंप, रस्त्यापलीकडचा क्लॅरीचा कॅरव्हॅनतळ आणि त्यामागचं गरम पाण्याचं कुंड. पाण्याला अंड्यासारखा वास येतो म्हणून पेट्रानं आधी नाक धरलं. तासाभरानं तीच गळ्यापर्यंत कुंडात बसलेली, बाहेर यायला तयार नाही.

एक रात्र राहून जाणार होती दोघं. पण दुपारी पश्चिमेकडून ढग आले आणि वर्षाचा पाऊस एका दमात ओतून गेले. लाल मातीचा नुसता रबरबाट, दोन्हीकडचे रस्ते बंद. त्यातच पर्यटकांची एक बस आपल्या दारात अडकली. सगळे पेन्शनीतले, आणि सगळे भुकेले. माझ्याकडे खोल्या सहा. नाइलाजानं क्लॅरीकडे गेले.

तुझे बाबा गेल्यापासून आमचं दोघांचं काय चाललं होतं, ते तुला ठाऊकच आहे. त्यानं 'गरम शॉवर फुकट' अशी पाटी लावली की मी त्याहून मोठी 'थंडगार बिअर' रंगवायची. माझ्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा, नेरिडाच्या गाद्या रेल्वेच्या जमान्यातल्या आहेत. (आहेतच म्हणा.) त्या दिवशी मला दारात बघून म्हणतो कसा, "आलीस शरण?" मी म्हटलं, "शरण कसली, रताळ्या! चादरी काढ."

चादरी आणल्या, फ्रीजरमधल्या मेंढीच्या तंगड्या आणल्या, आणि रस्ता सुकेपर्यंत हा माणूस माझ्या स्वयंपाकघरातून हलला नाही. मटणावरचा रस्सा तो माझ्याहून चांगला करतो. हे कुणाला सांगशील तर खबरदार! लॉकलन खोल्यांमधून चहा पोचवत होता, पेट्रा भांडी घासत होती. त्यांना वाटलं असेल, हॉटेल बघायला आलो की नोकरीला?

संध्याकाळी सगळे व्हरांड्यात जमायचे आणि क्लॅरी गावाची गोष्ट सांगायचा. अफगाण उंटवाले पाण्याच्या शोधात इथवर कसे आले, त्यांनी खजूर कसे लावले, मग रेल्वे कशी आली आणि कशी गेली. शेवटची गाडी सुटली तेव्हा सगळं गाव हात हलवत होतं, म्हणाला, फक्त एक चिमुरडी गाडीला दगड मारत होती, 'जाऊ नको' म्हणून ओरडत. म्हाताऱ्या खूप हसल्या. मी मात्र कपबश्या उचलून आत गेले. ती चिमुरडी मी होते, टॅम्सिन. मला इतकी वर्षं वाटत होतं, तेव्हा माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

रस्ता उघडला, बस गेली. जाताना आज्यांनी क्लॅरीचे गालगुच्चे घेतले. आणि भांडी घासून हात सोललेली पेट्रा म्हणाली, आम्हाला हेच हवंय. झाला सौदा.

आता तू मेलबर्नला माझ्यासाठी मागची खोली रिकामी करायला घेशील. नको करूस. शेवटच्या संध्याकाळी आम्ही ताटल्या पुसत होतो, तेव्हा पेट्रानं सहज विचारलं, "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" मी तोंड उघडायच्या आत, आयुष्यभर सडाफटिंग राहिलेला क्लॅरी ताटलीवरची नजरही न काढता म्हणाला, "अजून झालं नाही. तिला विचारायचं राहिलंय." माझ्या हातातली ताटली फुटली. पेट्रा केरसुणी आणते म्हणून गेली ती परत आलीच नाही, शहाणी पोर. मग त्यानं विचारलं, आणि मी हो म्हटलं. गावातल्या दरवर्षीच्या घोड्यांच्या शर्यती झाल्या की पुढच्या शनिवारी लग्न, कुंडाजवळ. मी फक्त रस्ता ओलांडून राहायला जाणार आहे. परवा टेकडीवर तुझ्या बाबांच्या कबरीपाशी जाऊन त्यांना सांगून आले; बराच वेळ बसले होते, बरं वाटलं. आता फक्त तुझं हो म्हणणं राहिलंय गं.

तुझीच,
आई