बाटली अख्खी सोडायची नाही

बाबा,
तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र मी टाकणार कुठे? तरी लिहितेय. आज कोर्टातून आले, चहा टाकला आणि तुमचा तो अवतार आठवला. मी शाळेत. टिकल्या ठेवायला तुमच्या सरकारी दवाखान्यातून इंजेक्शनची रिकामी बाटली पळवून आणलेली. तुम्ही ती हिसकावून घेता, फडक्यात गुंडाळता आणि थेट आईच्या खलबत्त्यात ठेचता. आई केवढी कडाडली होती! "अहो, आता यात वेलची कुटू की काच?" तिला तुम्ही करोलबागेतून नवा खलबत्ता आणून दिलात, माझी मात्र समजूत काढली नाहीत. "बाटली अख्खी सोडायची नाही. कुणीतरी पाणी भरून विकतं," एवढंच. काय खडूस वाटला होतात!

आता गुडगावच्या हॉस्पिटलात मीही फार्मसिस्ट आहे आणि बिल्कुल तेवढीच खडूस. माझ्या पाळीत प्रत्येक रिकामी बाटली डोळ्यांसमोर फोडून घेते. एकदा कर्नालच्या एका बाईंचा मुलगा आईसाठी कॅन्सरचं इंजेक्शन बाहेरून स्वस्तात घेऊन आला. टोपण सैल लागलं, उचललं तर रबरी बुचाला सुईचं भोक. म्हटलं, हे मी देऊ देणार नाही. तपासणीत नुसतं पाणी निघालं! आणि भरणारा कोण? दुसऱ्या पाळीतला आमचाच फार्मसिस्ट, माझ्या डब्यातलं थालीपीठ हक्कानं मागून खाणारा. रिकाम्या बाटल्या घरी नेत होता मेला.

तक्रार मीच केली. साक्षीच्या वेळी त्याचा वकील म्हणतो, "मॅडम, खाली शीशी तो कूड़ा है." मी म्हटलं, "कूड़ा है तो संभालकर घर क्यों ले गए?" जजसाहेबांनी विचारलं, नकली आहे हे ओळखलंत कसं? मी तुमचं नाव सांगितलं: "पिताजी ने सिखाया."

आज त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. छे, मुळीच नाही! छान वाटलं, कडकडून भूक लागली.

बाहेर त्या कर्नालच्या बाई उभ्या होत्या. खरं औषध मिळालं, बऱ्या झाल्या, केसही परत आलेत. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "बेटी, पिताजी को आज ही बताना. बहुत खुश होंगे."

"हां जी, घर जाते ही," मी म्हटलं. तुम्ही नाही आहात, हे मला त्यांना सांगवलंच नाही.