मामू, तुझ्या गाळलेल्या ओळी

प्रिय मामू,

मेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच केली. आज आखातातल्या मिरकाबच्या या खोलीत, भर दुपारी, पंख्याखाली बसून तेच करतो आहे. कारण आईचं पत्र. तिने शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. त्यात एकच प्रश्न: "विलायतेला जाऊन आलास. माझ्या भावाने मरताना तरी माझं नाव घेतलं होतं का?"

तुझं ते उत्तर इंग्लंड पाहिलं, बरं का! धुराने काळवंडलेली घरं, सदा ओलं आभाळ, परसात संडास आणि आठवड्यातून एकदा आंघोळ! या लोकांनी आपल्यावर राज्य केलं? इथला आमचा इंग्रज मॅनेजर आम्हाला स्वच्छता शिकवतो. आता शिकवू दे त्याला!

एका किल्ल्यात तिकीट काढून शिरलो. भिंतीवर भाले, चिलखतं आणि लुटारूंच्या तसबिरी. हो, लुटारूच! दुसऱ्याची जमीन बळकावली की सरदार, आणि तीन पिढ्या टिकली की इतिहास.

मग तुझी लेक जेनी मला रोमन लोकांनी बांधलेली ती लांबलचक भिंत दाखवायला घेऊन गेली. मामीही आली. वाटाड्या छाती फुगवून म्हणाला, "रोमनांनी इथे संस्कृती आणली."

"मग आधीचे लोक झाडावर राहत होते काय?" मी विचारलं. "आमच्याकडे आलात तेव्हा तुम्हीही हेच सांगितलंत!"

वाटाड्या घाईघाईने पुढे चालू लागला. मामी मात्र पोट धरून हसली. "अगदी मामावर गेलास! तोही इथेच भांडला होता."

जेनी म्हणाली, "डॅड सांगायचे, माझा भाचा कुणालाही गप्प बसवतो. फार अभिमान होता त्यांना."

अभिमान! माझा? मामू, तुला काहीच कसं कळलं नाही रे?

तू जहाज सोडून तिथल्याच एका बंदरात राहिलास, गोऱ्या बाईशी लग्न केलंस, तेव्हा गावात मी केवढं भाषण ठोकलं होतं! "ज्यांनी लुटलं, त्यांच्याच घरचा जावई!" लोक वाहवा म्हणाले. आई उठून आत गेली.

आपल्या खलाशांच्या घरांचा रिवाज तुला ठाऊक आहे. पत्र घरातल्या शिकलेल्याच्या नावे यायचं, आणि त्याने ते बाकीच्यांना वाचून दाखवायचं. तुझी पत्रं मी वाचली. इथे आल्यावर ती या पत्त्यावर येऊ लागली, तेव्हा आईला कळवत राहिलो, "मामू खुशाल आहे." बस्स, एवढंच. "आपाला विचार, बायकोपोरीला घेऊन येऊ का? ती हो म्हणाली तर पुढच्या जहाजाने निघतो," ही तुझी आईसाठीची ओळ प्रत्येक पत्रात होती. प्रत्येक वेळी मी ती गाळली.

आणि तू! एकदा तरी दुसऱ्या कुणाकडून विचारायचंस. भाच्यावर एवढा भरवसा ठेवतात?

मामीने बांगड्याचं कालवण केलं होतं, तुझ्याकडून शिकलेलं. नारळ नाही म्हणून दूध घातलेलं. मी मनातल्या मनात नाक मुरडत जेवत होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "आपाने कधी उत्तर का दिलं नाही? तो रोज टपालवाल्याची वाट बघायचा."

भल्याभल्यांना निरुत्तर करणारा मी काय म्हणालो, सांगू? "आमच्याकडचं टपाल फार वाईट आहे."

त्या किल्ल्यातल्या तसबिरींची मी खिल्ली उडवली. त्यांनी निदान लुटलेलं उघड भिंतीवर तरी टांगलं होतं. मी तुझी पत्रं ट्रंकेत कपड्यांखाली लपवली.

पुढच्या महिन्यात रजा घेऊन गावी जातो आहे. आईला पडवीत बसवीन आणि ज्या लोकांपुढे ते भाषण केलं, त्यांना बोलावून तुझी सगळी पत्रं मोठ्याने वाचीन. एकही ओळ गाळणार नाही. मध्ये एक शब्द माझा घालणार नाही. मग ती मला जे बोलेल, ते खाली मान घालून ऐकेन. आणि तुझ्या प्रश्नाला ती जे उत्तर देईल, ते जसंच्या तसं मामीला लिहीन.

आता गप्प बसायला शिकणारा तुझा भाचा,
इस्माईल